तारकर्लीहून थंड पाण्यात जाताना: अंगाला बसणारा सूट कसा निवडायचा

मालवण-तारकर्लीच्या समुद्रात स्कुबा शिकलेल्या माणसाला सूटची फारशी फिकीर करावी लागत नाही. हंगामात पाणी साधारण २६ ते २९ अंश असतं. होडीवर ३ मिलिमीटरचा जो सूट हाताला लागेल तो चढवायचा आणि पाण्यात उतरायचं. पाठीत थोडा ढिला, गुडघ्यावर ठिगळ, गळ्याशी सैल, तरी पाऊण तास काही बिघडत नाही. खडकावरच्या कालवांनी कातडी फाटू नये आणि जेलीफिश चावू नये, एवढंच इथे त्या सूटचं काम.

अडचण येते ती इथली सवय घेऊन बाहेर गेल्यावर. पावसाळ्यात आपल्याकडे डायविंग बंद असतं, म्हणून बरेच जण नेमके त्याच महिन्यांत बालीला जातात. तिथल्या नुसा पेनिडा बेटाजवळ मोला, म्हणजे सनफिश हा प्रचंड मोठा मासा दिसायचा हंगाम जुलै ते ऑक्टोबरचा, आणि तो वर येतो तो खालचं गार पाणी वर चढतं म्हणूनच. वर २६ अंशांत मजेत असलेला माणूस वीस-पंचवीस मीटरवर अचानक २० अंशांच्या खालच्या पाण्यात शिरतो. केपटाऊनच्या अटलांटिक बाजूला तर भर उन्हाळ्यातही पाणी बऱ्याचदा १० ते १३ अंशच असतं. आइसलंडच्या सिल्फ्रा भेगेत ते बारा महिने २ ते ४ अंश. अशा ठिकाणी ढिला सूट म्हणजे दहाव्या मिनिटाला दात वाजणं, विसाव्या मिनिटाला बोटं बधिर होणं, हवा भराभर संपणं आणि डाइव्ह अर्धवट सोडून वर येणं.

हे सगळं इथूनच टाळता येतं. कोकणात थंडीची परीक्षा घेता येत नाही, पण मापाची घेता येते, आणि थंड पाण्यात निम्म्याहून जास्त गोष्टी मापावरच ठरतात. नीट बसलेला ५ मिलिमीटरचा सूट ढगळ ७ मिलिमीटरपेक्षा जास्त ऊब देतो. म्हणून आधी माप बघायचं, जाडी नंतर.

ऊब येते कुठून

पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने शरीरातली उष्णता ओढून नेतं. वेटसूट ज्या नियोप्रीनचा असतो तो रबराचा फेस आहे. त्यात वायूचे असंख्य बारीक बुडबुडे कोंडलेले असतात. उष्णता अडवतात ते हे बुडबुडे. सूटच्या आत शिरलेलं पाणी आपल्याला गरम ठेवतं, असं जे सांगितलं जातं ते अर्धंच खरं. आत पाण्याचा पातळ थर येतोच आणि शरीर तो तापवतं. पण तो थर जागेवर राहिला तरच उपयोग. सूट ढिला असेल तर हात हलवला की तापलेलं पाणी गळ्यातून बाहेर जातं आणि गार पाणी आत येतं. शरीर पुन्हा तापवायला लागतं, पुन्हा ते निसटतं. डाइव्हभर हाच पंप चालू राहतो.

दुसरी गोष्ट खोलीची. १० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, ३० मीटरवर चौपट. दाबाने बुडबुडे आकसतात, नियोप्रीन पातळ होतं, ऊब कमी होते. वर अंगासरशी वाटलेला सूट खाली गेल्यावर थोडा सैल पडतो. त्यामुळे दुकानात 'ठीकच आहे' वाटणारा सूट २५ मीटरवर ठीक राहत नाही.

आधी पाणी ठरवा

जिथे जाणार तिथलं तापमान विचारताना वरचं नको, डाइव्हच्या खोलीवरचं विचारा. महिना सांगून विचारा. ढोबळ हिशेब असा: २४ अंशांच्या वर ३ मिलिमीटर चालतो. १८ ते २४ला ५ मिलिमीटर, सोबत हूड, म्हणजे डोकं-कान झाकणारी नियोप्रीनची टोपी. १० ते १८ला ७ मिलिमीटर किंवा सेमीड्राय, म्हणजे ज्याच्या मनगटाला, घोट्याला, गळ्याला आतून गुळगुळीत पट्टे असतात आणि चेनमागे पाणी अडवणारी पट्टी असते असा सूट. त्याखाली ड्रायसूट, म्हणजे आत पाणी येऊच न देणारा सूट. हे आकडे युरोपातल्या माणसाला धरून आहेत. आयुष्यभर दमट उकाड्यात राहिलेल्या आपल्यासारख्यांनी एक पायरी वरचा सूट धरावा, असं माझं स्पष्ट मत आहे. अंगानं बारीक असाल किंवा दिवसाला तीन डाइव्ह करणार असाल तर नक्कीच. तिसऱ्या डाइव्हला उतरताना सकाळची थंडी अंगात शिल्लकच असते.

बालीसाठी आणि तशाच मधल्या पाण्यासाठी मला सगळ्यात आवडणारी जोडी म्हणजे ५ मिलिमीटरचा पूर्ण सूट आणि त्याच्या आत हूड जोडलेली बनियनसारखी पातळ बंडी. गळ्याची फट बंद होते, छाती-पाठीवर दुहेरी थर येतो, हात-पाय मोकळे राहतात, आणि घरी परतल्यावर मालवणात बंडी काढून नुसता सूट वापरता येतो.

माप घ्यायला शिंप्याकडे जा

स्वतःचं माप स्वतः घेऊ नका. टेप पाठीमागे वाकडी होते आणि आकडा चुकतो. गावातल्या शिंप्यासारखा माप घेणारा कुणी नाही. फक्त त्याला सांगावं लागतं की हे कपड्याचं माप नाही, सैलपणा मिळवायचा नाही, टेप कातडीला लागली पाहिजे. कुडाळची एक मुलगी अशी माप द्यायला गेली होती. टेप छातीभोवती आली तशी ती नकळत ताठ झाली, पोट आत गेलं. टेलरकाकांनी टेप सोडून दिली.

"पोट आत ओढू नको गो. खरा माप होया मा तुका?"

"हो काका."

"मगे श्वास सोड नि उभी रव."

त्यांनी पुन्हा माप घेतलं तेव्हा आकडा दीड इंचाने वेगळा आला. सूटच्या दुनियेत दीड इंच म्हणजे जवळजवळ एक साइझ.

घ्यायची मापं: उंची, वजन, गळा, छाती (बायकांनी छातीच्या खालचा घेरही), कंबर, सीट, मांडी, पोटरी, घोटा, दंड, मनगट, बाहीची लांबी, जांघेपासून घोट्यापर्यंत पायाची लांबी. याशिवाय एक माप शिंप्याला सवयीचं नसतं, ते मुद्दाम घ्यायला लावा: खांदा आणि गळा मिळतात तिथून टेप समोरून खाली, दोन पायांमधून, पाठीवरून परत त्याच जागी. हा धडाचा वेढा. सगळ्या मापांत मी यालाच पहिला मान देतो, कारण बाजारातले बहुतेक सूट आपल्या माणसाला याच मापात फसवतात. सेंटिमीटरमध्ये लिहून घ्या. कंपन्यांचे तक्ते बहुधा तसेच असतात.

तक्ता वाचताना

शर्टाची साइझ विसरून जा. प्रत्येक कंपनीचा तक्ता निराळा असतो. एकीचा एम दुसरीचा एल होतो. मापं दोन साइझमध्ये विभागली गेली तर क्रम असा ठेवा: छाती, धडाचा वेढा, कंबर-सीट, मग हात-पाय. बाही लांब असली तर कोपराच्या खाली चार सुरकुत्या पडतात. दिसायला वाईट, पण फार पाणी फिरत नाही. धड लांब असलं तर कमरेच्या वर पाठीच्या खळग्यात पोकळी तयार होते, आणि तिथलं पाणी प्रत्येक लाथेसरशी वर-खाली होतं. ढगळ सूटचा सगळ्यात वाईट दोष हाच. उलट धड आखूड असलं तर खांदे खाली ओढले जातात, गळा उघडतो, तासाभरात मान दुखायला लागते.

आपल्याकडे उंचीने मध्यम, छातीने रुंद आणि पोट जरा पुढे अशी शरीरयष्टी पुष्कळ. अशा माणसाने छातीवरून एल घेतला की तो पायात आणि धडात लांब होतो. बऱ्याच कंपन्या त्याच घेराचा आखूड किंवा लांब अवतारही काढतात. तक्त्यात एलच्या पुढे एस (शॉर्ट) किंवा टी (टॉल) लिहिलेलं असतं, ते शोधा. बायकांनी पुरुषांचा लहान साइझ घेऊ नये. छातीला दाबतो, कमरेला फुगतो आणि सीटला अडतो. बायकांच्या कापाचे सूट मिळतात, थोडे शोधावे लागले तरी तेच घ्या. तक्त्यातली कोणतीच साइझ बसत नसेल तर मापाने शिवून देणाऱ्या कंपन्या आहेत. किंमत जास्त पडते, पण न बसणारा सूट परदेशात परत पाठवण्याच्या भानगडीपेक्षा ती परवडते.

शिवणही बघा. सपाट शिवण, जिच्यात सुई आरपार गेलेली दिसते, ती उबदार पाण्यासाठी. थंड पाण्याच्या सूटला कड आधी चिकटवलेली आणि मग टाका आरपार न नेता मारलेला हवा. आतून पट्टी लावलेली असेल तर आणखी चांगलं.

घालून बघणं

याला घाई करू नका, आणि मे महिन्याच्या दुपारी तर मुळीच नको. ७ मिलिमीटरचा सूट घालून दमट हवेत दहा-पंधरा मिनिटं उभं राहिलं तर चक्कर येऊ शकते. पहाटे किंवा एसी खोलीत, अंग कोरडं आणि घाम पुसलेला असताना घाला. दर पाच मिनिटांनी चेन उघडा, पाणी प्या.

पाय सरकत नसेल तर पावलावर प्लॅस्टिकची पिशवी चढवा आणि पाय बाहेर आल्यावर ती काढून घ्या. नियोप्रीन नखांनी ओढू नका, बोटांच्या पेरांनी चिमटीत धरून वर सरकवा. आधी घोटे जागेवर, मग गुडघे, मग मांड्या, आणि जांघ पूर्ण वर आल्याशिवाय हाताकडे वळायचं नाही. बहुतेकांचा सूट खांद्यात आखूड वाटतो तो जांघेत दोन बोटं राहून गेल्यामुळे. पाय नीट चढवले की खांदे आपोआप बसतात.

चेन लावल्यावर सरळ उभे राहा आणि कुणाला तरी बघायला सांगा. पाठीच्या खळग्यावर त्याने तळहात ठेवून दाबावं. कापड आत जाऊन पाठीला लागलं तर तिथे पोकळी आहे. काखेत चिमटीत कापड येतं का? मुंढा काखेला लागलेला हवा. जांघेत पोकळी नको. गुडघ्याच्या मागे एखादी घडी चालेल, थैली नको. मग दोन्ही हात डोक्यावर न्या, स्वतःला मिठी मारा, उकिडवे बसा, मान मागे टाका. हात वर नेल्यावर जांघ खाली ओढली जाऊन काचत असेल तर धड आखूड आहे. मान मागे टाकल्यावर गळ्यापाशी दोन बोटं सहज जात असतील तर गळा मोठा आहे.

त्यानंतर श्वास. पूर्ण खोल श्वास घ्या, पाच-सहा वेळा. छाती भरायला अडथळा वाटता कामा नये. नवा सूट घट्ट असतोच आणि वापराने थोडा सैलावतो, पण श्वास अडवणारा घट्टपणा वापराने जाईल ही आशा धरू नका. गळ्याबाबत आणखी काळजी. मानेच्या दोन्ही बाजूंना जिथे नाडी लागते तिथे कॅरोटिड सायनस नावाची संवेदनशील जागा आहे. तिच्यावर सतत दाब आला तर हृदयाचे ठोके मंदावतात, डोकं हलकं होतं, माणूस बेशुद्धही पडू शकतो. कॉलर लावून काही मिनिटं बसा. घेरी आल्यासारखं झालं की लगेच काढा आणि तो सूट घेऊ नका.

आता कोकणात करता येईल अशी गार पाण्याची परीक्षा. फ्रिजमधलं थंडगार पाणी एका तांब्यात घ्या. सूट घालून न्हाणीघरात उभे राहा, पुढे वाका आणि साथीदाराला मानेच्या मागून हळूहळू पाणी ओतायला सांगा. ओतत असतानाच मान फिरवा, हात पोहल्यासारखे हलवा. गार ओघळ कुठून शिरतो आणि कुठपर्यंत पोचतो ते अंग बरोबर सांगतं. थोडं पाणी मानेशी झिरपून थांबलं तर गळा ठीक. एक सरळ धार कंबरेपर्यंत उतरली तर गळा आणि पाठ दोन्ही ढिले. मनगटावर हेच करा, हात वर धरून. त्यानंतर शक्य असेल तर जानेवारीच्या सकाळी समुद्रात किंवा पोहण्याच्या तलावात घालून एकदा पोहा. पाणी कोमट असलं तरी पाठीवर पाण्याची हालचाल जाणवते का एवढंच बघायचं आहे.

डोकं, हात, पाय

हूड आधी. तो सूटइतकाच मापाचा हवा: कपाळावर आणि हनुवटीखाली चिकटलेला, पण जबडा उघडता आला पाहिजे आणि मास्कची कड हूडवर न येता कातडीवर बसली पाहिजे. कॉलरच्या आत जाणारा लांब गळ्याचा हूड पाणी सगळ्यात चांगलं अडवतो. हातमोजे ५ मिलिमीटरचे. घट्ट मोज्याने रक्त अडतं आणि बोटं उलट लवकर गारठतात. मोजे घालून बकल सोडणं, बीसीडीचं (तरंगणं सांभाळायच्या हवेच्या जॅकेटचं) बटण दाबणं यांचा घरीच सराव करा. जाड बूट घेतले की इथल्या फिन्समध्ये (पोहायच्या पंखांत) पाय जाईलच असं नाही, तेही आधीच तपासा.

ड्रायसूट

सिल्फ्रासारख्या पाण्यात दुसरा पर्याय नाही. तिथे डायविंगसाठी ड्रायसूटचं प्रमाणपत्र किंवा नोंदवलेल्या ड्रायसूट डाइव्ह मागतात, तेव्हा कोर्ससाठी जादा दिवस हाताशी ठेवून जा. हवेचं नियंत्रण हे वेगळं कौशल्य आहे: खाली जाताना दाबाने सूट अंगावर आवळतो म्हणून छातीवरच्या व्हॉल्व्हने हवा भरायची, वर येताना दंडावरच्या व्हॉल्व्हने सोडायची. सूट मोठा असेल तर ही हवा पायांकडे धावते, पाय वर होतात आणि ढगळ बूट निसटूही शकतात.

ड्रायसूट नेहमी आतल्या जाड कपड्यांसकट घालून बघायचा. नुसत्या टी-शर्टवर बसला तो प्रत्यक्षात लहान ठरणार. आत सुती बनियन नको. घाम धरून ठेवते आणि गार पडते. लोकर किंवा पॉलिस्टर. मग उकिडवे बसा, गुडघा छातीला लावा, आणि हात मागे नेऊन सिलिंडरच्या व्हॉल्व्हची जागा गाठता येते का बघा. तिथे हात पोचला नाही तर सूट कितीही सुंदर असला तरी तो तुमचा नाही.

पाणी अडतं ते गळ्याच्या आणि मनगटाच्या सीलवर, म्हणजे कातडीला चिकटून बसणाऱ्या पट्ट्यांवर. मनगट आतून नीट बघा: मूठ आवळली की दोन कंडरा (स्नायूंचे दोर) वर येतात आणि त्यांच्या मधे खोबण पडते. बारीक मनगटाच्या माणसाला त्या खोबणीतून पाणी शिरतं. सील हाडाच्या वर, हाताच्या मांसल भागाकडे दोन बोटं सरकवला की बहुतेक वेळा थांबतं. लॅटेक्सचा नवा गळा आवळत असेल तर तो कापून मोठा करतात, पण एका वेळी एकच वळी, मग घालून बघायचं, मग पुढची. हे काम जाणकाराकडूनच करून घ्या. लांब केसांची एक बटसुद्धा सीलखाली आली तर गळती होते. बांगड्या, घड्याळ, अंगठ्या आधी काढून ठेवा. लॅटेक्स एका ओरखड्याने फाटतं.

वजनाचा हिशेब

जाड सूट तरंगतो, म्हणून खाली जायला कमरेला शिशाची वजनं बांधावी लागतात. ३ मिलिमीटरला शरीराच्या वजनाच्या सुमारे ५ टक्के आणि ७ मिलिमीटरला सुमारे १० टक्के वजन हा सुरुवातीचा अंदाज. नेमकं तपासायचं ते डाइव्हच्या शेवटी, ५ मीटरवर, सिलिंडरमध्ये ५० बार (बार हे दाबाचं माप) हवा उरलेली असताना. ॲल्युमिनियमच्या नेहमीच्या सिलिंडरमधून तोवर सुमारे दोन किलो हवा खर्च झालेली असते, तेव्हाही तुम्ही वर ओढले जाता कामा नये. सिल्फ्राचं पाणी गोडं, तिथे समुद्रापेक्षा दोन-अडीच किलो कमी लागतात.

भाड्याने घेणार असाल तर

शिंप्याने दिलेला मापांचा कागद निघण्यापूर्वी पाठवून द्या, बुटाच्या नंबरासकट. सूट किती जुना आहे हे विचारा. अनेक हंगाम वापरलेलं नियोप्रीन चपटं होतं. चिमटीत दाबून सोडल्यावर ते फुगून परत येत नसेल तर ७ मिलिमीटर नुसतं नावाला. डाइव्हच्या आदल्या संध्याकाळी घालून बघू देतात का, हेही विचारा. सकाळी होडी सुटताना वाद घालायला वेळ नसतो.

कोकणात सूट सांभाळणं

मीठ, दमटपणा आणि खोबरेल तेल, हे तीन शत्रू. केसांना तेल लावून लॅटेक्सचा गळा डोक्यातून घातला तर रबर हळूहळू चिकट होऊन सडतं. ड्रायसूटच्या आदल्या दिवशी केस धुऊन घ्या आणि सीलला फक्त बिनवासाची साधी पावडर लावा. धुवायला गोडं पाणी हवं. किनाऱ्यालगतच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात, त्या पाण्यात धुतलेला सूट वाळल्यावर खरखरीत लागतो आणि चेनवर पांढरी बुरशीसारखी पूड दिसते. ती पूड मिठाची असते. अशा वेळी नळाचं पाणी घ्या. आतून-बाहेरून उलटा करून सावलीत, जाड खांद्याच्या हँगरवर वाळवा. उन्हात नियोप्रीन कडक होतं. पावसाळ्यात माळ्यावर घडी घालून टाकू नका. हवेशीर खोलीत टांगा, दर पंधरवड्याला चेन एकदा पुढे-मागे चालवा, धातूची असेल तर मेण लावा, आणि कोपऱ्यांत काळे ठिपके दिसले तर लगेच सौम्य शाम्पूच्या पाण्याने धुऊन पंख्याखाली पूर्ण वाळवा.